नादाची लिपी

नादाचे तीन धर्म आपल्याकडे संगीताच्या प्राथमिक विद्यार्थ्यासही शिकविले जातात : उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जाति. यांपैकीं उच्चनीचता कागदावर उतरविण्याची सोय युरोपांत पांच रेघांनीं केली, आणि आपल्याकडे पं. विष्णु दिगंबर पलुसकर व पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या स्वरलेखनपद्धतींनीं केली. परंतु जाति, म्हणजे ज्या धर्मामुळें एकच षड्ज सनईचा कीं सारंगीचा हें डोळे मिटूनही ओळखतां येतें, तो धर्म लिपीच्या बाहेरच राहिला. ‘येथें सनई वाजवावी’ असें लिहितां येतें. सनईचा नाद कसा असतो, हें लिहितां येत नाहीं. या तिसऱ्या धर्माला अंकांत बांधण्याचा एक मोठा प्रयत्न विसाव्या शतकांत झाला, आणि तो कोणा गवयाच्या हातून नव्हे, तर एका घड्याळें करणाऱ्याच्या हातून झाला.

ऑर्गन म्हटला म्हणजे मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढें संगीत नाटकांतील, पायानें भाता हालविण्याचा ऑर्गन उभा राहतो. युरोपांतील चर्चचा ऑर्गन हें प्रकरण निराळें. त्यांत हजारों नळ्या असून त्यांचा एकेक संच एकेका खुंटीनें चालू अथवा बंद होतो. आरिस्तीद काव्हाये-कोल यानें १८६२ सालीं पॅरिसच्या सें-सुल्पिस चर्चमध्यें पुरा केलेल्या ऑर्गनांत असे शंभर संच होते. वादकाचे दोन्ही हात स्वरपट्ट्यांवर, दोन्ही पाय खालच्या पायपट्ट्यांवर. मग चालू गीतांत खुंट्या बदलावयाच्या कोणीं? शेजारीं उभ्या केलेल्या मदतनिसानें. हेन्री विलिस यानें १८५१ च्या लंडन येथील प्रदर्शनांतल्या आपल्या ऑर्गनास अंगठ्यानें दाबण्याचीं बटनें बसविलीं, आणि खुंट्यांचा ठरलेला मेळ एका दाबासरशी हजर होऊं लागला. नाद जपून ठेवण्याच्या इतिहासांतील ही मोठी पायरी होय. तथापि एका चर्चमधील ‘फ्लूट’ दुसऱ्या चर्चमधील ‘फ्लूट’सारखा वाजेलच असें नसे. नांव तेंच, नाद निराळा. म्हणून ही जपणूक त्या त्या इमारतीपुरतीच राहिली.

शिकागोचा लॉरेन्स हॅमंड हा घड्याळांचा कारखानदार. तो स्वतः वादक नव्हता. विजेच्या प्रवाहाच्या कंपनाशीं बरोबर मेळ राखून फिरणारी मोटर त्यानें घड्याळासाठीं केली होती. तीच त्यानें ऑर्गनास लावली. तिच्यामुळें पोलादी दंतुर चाकें फिरतात. प्रत्येक चाकापुढें गुंडाळी घातलेला चुंबक असतो. दांता जवळून गेला कीं गुंडाळींत प्रवाहाची लहर उठते, आणि सेकंदास जितके दांते जातील तितका स्वर उंच. हा ऑर्गन १९३५ सालीं बाजारांत आला.

परंतु आमच्या मतें त्याची खरी करामत चाकांत नसून ‘ड्रॉबार’ नांवाच्या ओढावयाच्या पट्ट्यांत आहे. तंबोऱ्याच्या खर्जांतून गांधार ऐकूं येतो, हा अनुभव ज्यांस आहे त्यांना स्वयंभू स्वर म्हणजे काय तें सांगावयास नको. मूळ स्वरांत हे स्वर किती मिसळतात यावरच नादाची जाति ठरते. हॅमंडनें मूळ स्वर व त्याच्या भोंवतालचे मिळून नऊ स्वर नऊ ड्रॉबारांवर वांटून दिले, आणि प्रत्येक ड्रॉबार शून्यापासून आठापर्यंत ओढतां येईल असा केला. म्हणजे नादाची जाति ही नऊ अंकांची संख्या झाली! ‘८८ ८००० ०००’ असें लिहिलें कीं पहिले तीन ड्रॉबार पूर्ण बाहेर, बाकीचे आंत. जॅझ वादक जिमी स्मिथ याच्या वादनानें प्रसिद्धि पावलेला नाद तो हाच. पत्रांत ही संख्या लिहून पाठविली तर दुसऱ्या शहरांतल्या हॅमंडवर बहुतांशीं तोच नाद निघे.

कंपनीनें जाहिरात केली कीं या वाद्यांतून पंचवीस कोटी तीस लाख नाद निघतात. हा आंकडा थापेचा नव्हे. नऊ ड्रॉबारांच्या एकूण मांडण्या ३८,७४,२०,४८९ होतात. त्यांतून एकही ड्रॉबार पूर्ण बाहेर नसलेल्या १३,४२,१७,७२८ वजा केल्या कीं २५,३२,०२,७६१ उरतात. गणित चोख, पण यांतील किती नाद कानाला वेगळे भासतात, हा प्रश्न गणिताचा नव्हे. जाहिरातींतील अशा दाव्यांवरून अमेरिकेच्या व्यापार आयोगाकडे प्रकरण गेलें, आणि १९३७ सालीं शिकागो विद्यापीठाच्या प्रार्थनामंदिरांत नळ्यांच्या ऑर्गनाशेजारीं याची श्रवणपरीक्षा झाली. श्रोते वारंवार चुकले. तरीही १९३८ च्या निकालानें कांहीं दावे कंपनीस सोडावे लागले. ‘ऑर्गन’ हें नांव तेवढें राहिलें.

नाद जपण्यासाठीं हॅमंडनें प्रत्येक स्वरपाटाच्या डाव्या टोंकास बारा उलट्या रंगांच्या पट्ट्या ठेवल्या : पांढऱ्याच्या जागीं काळ्या, काळ्याच्या जागीं पांढऱ्या. त्यांपैकीं नऊ पट्ट्यांवर तयार नाद असत. मात्र तयार नाद बदलावयाचा तर वाद्याची मागची फळी काढून पेंचकसानें तारा एका स्क्रूवरून दुसऱ्या स्क्रूवर न्याव्या लागत. कारखानदारानें ठरविलेला नाद बोटाच्या टोंकाशीं. वादकाला हवा असलेला नाद मात्र पेंचकसाच्या टोंकाशीं.

आणि वादकांना हवें होतें तें तर या अंकांत मावतच नव्हतें. डोनाल्ड लेस्ली या कॅलिफोर्नियांतील गृहस्थानें फिरत्या कर्ण्याचा ध्वनिक्षेपक केला. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिटी चढी वाटते व दूर जाणारीची उतरती. त्याच न्यायानें फिरत्या कर्ण्यांतला स्वर लाटेसारखा हेलकावतो. हॅमंड कंपनीनें तो नाकारला, आणि आपल्या विक्रेत्यांनीं तो ठेवूं नये असाही तिचा आग्रह असे. लेस्लीनें १९४१ पासून तो स्वतःच विकला. पट्टी दाबतांच होणारा ‘टक्’ असा आवाजही हॅमंडच्या दृष्टीनें दोषच. जॅझ वादकांनीं तोच उचलला. आमच्या मतें हॅमंडचें शास्त्र चुकलें नव्हतें. पण त्याच्या लिपींत नादाचें स्थिर रूप तेवढें येई, हालचाल येत नसे.

पुढें जपणुकीचें काम विजेच्या स्मृतीनें उचललें. १९७८ सालीं डेव्ह स्मिथनें काढलेल्या ‘प्रॉफेट-५’ या सिंथेसायझरांत वादकाचे स्वतःचे चाळीस नाद राहत. स्मृति जिवंत ठेवण्यास आंत लहानशी बॅटरी असे. ती संपली कीं चाळीसही नाद गेले. हॅमंडच्या वादकानें कागदावर लिहिलेले नऊ अंक मात्र आजही वाचतां येतात, आणि आजच्या संगणकीय ऑर्गनवर ते लावतांही येतात. त्या ऑर्गनांत लेस्लीचा हेलकावा बटनानें येतो, ‘टक्’ आवाजही हवा तितका कमीअधिक करतां येतो, आणि हें सारें एका क्रमांकाखालीं साठवितां येतें. फक्त एक अडचण उरते : साठविलेला नाद हाकेसरशी येतो, पण ड्रॉबार हातानें ओढले होते तेथेंच राहतात, आणि वादकानें त्यांतील एखाद्याला सहज बोट लावलें, कीं नाद एकदम उडी मारतो.