रोग आणि माणूस

म्हातारपणीं स्मृति ढळली कीं 'साठी बुद्धि नाठी' म्हणून आपण मोकळे होतों. त्या म्हणीआडचें माणूस कोण पाहतो?

१९०१ सालीं जर्मनींतील फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयांत ऑगुस्टे डेटर ही ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनीं तिला तिचें नांव, पतीचें नांव विचारून उत्तरें टिपून ठेविलीं. १९०६ मध्यें ती वारली. तिच्या मेंदूंतील विकृति त्यांनीं विद्वत्सभेपुढें मांडिली. १९१० मध्यें क्रेपेलिन यांनीं रोगास अल्झायमरांचें नांव दिलें. रोग जगास ठाऊक झाला. बाई मात्र दप्तरांत हरवली. तें दप्तर १९९५ सालीं पुन्हां सांपडलें.

१९९७ मध्यें इंग्लंडांतील ब्रॅडफर्डचे टॉम किटवुड यांनीं ग्रंथ लिहून बजावलें कीं, मेंदू झिजला तरी माणूसपण उरतें; तें राखणें भोवतालच्यांच्या हातीं असतें.

आमच्या रहिमतपूरचा एखादा वृद्ध वृद्धाश्रमांत "मला स्टेशनावर जायचंय" म्हणून उठला, तर दाराला कडी घालणें सोपें. सेविकेनें जवळ बसून "कुणाला आणायला, आजोबा?" असें विचारावें. उत्तर चुकेल, पण कोणी विचारलें, हें त्यास उमगेल. रोग समूळ घालविणारें औषध अद्याप नाहीं. ही विचारपूस मात्र आपल्या हातची आहे.

वर्गांत हजेरी घेतांना आम्ही क्रमांक नव्हे, नांव पुकारीत असूं. येथेंही तेवढेंच करावयाचें आहे.