एका मुठीची गोष्ट

“मामा, मॅनिप्युलेट म्हणजे काय हो?” दिवाळीला रनाळ्यास बहिणीकडे गेलो असता दहावीतल्या भाच्याने विचारले. मी ऐटीत म्हणालो, “हाताळणे.” त्याने वर्तमानपत्र पुढे केले. तेथे कुणी हिशेबाचे आकडे ‘मॅनिप्युलेट’ केले होते! माझा अर्थ तेथे काही बसेना.

शब्दाचे मूळ लॅटिन ‘मॅनिप्युलस’, म्हणजे मूठभर वस्तू किंवा पेंढी. रोमन सैन्यातील सुमारे १२० शिपायांच्या तुकडीचेही हेच नाव. काठीला बांधलेली गवताची पेंढी हे तिचे आद्य निशाण, अशी आख्यायिका आहे. पुढे फ्रेंच औषधविक्यांनी ‘मूठभर’ हे माप केले. मायकेल फॅरडेने १८२७ साली प्रयोगशाळेतील हस्तकौशल्यावर ग्रंथ लिहिला, त्याच्या नावातही हाच शब्द आहे. कपटाचा तेथे वासही नाही. माणसे आणि हिशेब लबाडीने फिरवण्याचा अर्थ त्याला मागाहून चिकटला.

बहीण करंज्या तळता तळता म्हणाली, “दादा, आपल्याकडे तरी काय वेगळे?” खरेच की! पेरणीला चाड्यावर धरतात ती कसबी मूठ. आणि करणी करताना मारतात तीही मूठच. शिवाय माणसे ‘मुठीत’ ठेवतात ती निराळीच!

मी वहीत दोन्ही अर्थ लिहून दिले. भाचा म्हणाला, “मग काल गोड बोलून मला विज्ञान शाखेला कबूल करवलेत, ते यांतले कोणते?”

मी निरुत्तर झालो. फराळानंतर तो विषय पुन्हा काढला. या खेपेला मात्र आधी त्याचे ऐकून घेतले.