सेप्टिक टाकीचे दप्तर

सेप्टिक टाकीचा इतिहास सांगताना इंग्लंडमधील डोनाल्ड कॅमेरॉन याच्या १८९५ च्या एक्सेटर येथील टाकीचा उल्लेख होतो. टाकीच्या नोंदींकडे मात्र अभ्यासकांचे दुर्लक्षच झाले आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९९५ मध्ये ‘टायटल ५’ ही नियमावली सुधारून घराच्या विक्रीपूर्वी टाकीची तपासणी आवश्यक ठरविली. ही तपासणी दोन वर्षे ग्राह्य. दरवर्षी टाकी उपसल्याचा पुरावा असल्यास तीन. नियम राज्याचा, अंमल मात्र स्थानिक आरोग्यमंडळांचा. आणि राज्यात नगरे ३५१! प्रत्येक मंडळाचा परवाना निराळा. अनेक नगरांत उपशाचे काम करणाऱ्या कंपन्यांना परवाने, मुदती व तारखा सांभाळणारी संगणकप्रणाली लागते, ती यामुळेच. तिला निव्वळ व्यापारी सोय समजणे आम्हांस मान्य नाही. उपशाची एक नोंद गहाळ झाली, तर घरमालकाचे तिसरे वर्ष बुडते आणि नव्या तपासणीचा खर्च त्याच्या माथी बसतो.