रडारला दुचाकी दिसते का?

समजा, कारंजा तालुक्यातल्या कामरगावजवळच्या रस्त्यावरचा वाहनवेग हा तुमचा संशोधनविषय आहे. पोलिसी रडारच्या नोंदी मिळाल्या आणि त्यांत मोटरसायकली, ऑटो फारच कमी निघाले. म्हणजे त्या गाड्या हळू चालतात? थांबा, आधी यंत्राचा इतिहास बघू.

हलत्या स्रोताच्या लहरींची वारंवारता बदलते, हे ख्रिश्चन डॉप्लरने १८४२ मध्ये मांडलं. दुसऱ्या महायुद्धात रडार पक्कं झालं आणि १९४७ मध्ये अमेरिकेतल्या कनेक्टिकटच्या पोलिसांनी ते रस्त्यावर आणलं.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. वेग कळतो तो वारंवारतेतल्या फरकावरून. ताशी ८० किमीने येणारी मोटरसायकल असो की ट्रक, फरक तेवढाच. पण वाहन रडारला 'सापडतं' ते परतलेल्या लहरीच्या ताकदीवर. ही ताकद अंतराच्या चौथ्या घाताने घटते. म्हणून एखादं वाहन सोळापट कमी लहरी परतवत असेल, तर ते निम्म्या अंतरावर आल्यावरच सापडतं.

शिवाय जुन्या रडारवर एकच आकडा उमटायचा, बहुधा सगळ्यात जोरदार प्रतिध्वनीचा. मोटरसायकलमागे ट्रक असला की आकडा ट्रकचा! अरुंद झोताची लेझर गन आल्यावर एकेक वाहन निवडता येऊ लागलं.

वाशिम जिल्ह्यातूनच जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर दुचाकी-तीनचाकींना बंदी आहे. तिथल्या नोंदींत त्या नसतात त्या नियमामुळे. गावच्या रस्त्यावर नसतील तर कदाचित यंत्रामुळे. म्हणून प्रबंधात 'दुचाक्या हळू चालतात' असं लिहू नका. 'कमी नोंदल्या गेल्या' लिहा, आणि यंत्र कोणतं होतं तेही सांगा.