चंद्रपूर-गडचिरोलीत दुचाकी चोरीपासून कशी वाचवायची? कुलूप, विमा, एफआयआर. सगळं सोप्या भाषेत

दिवाळी झाली की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. देसाईगंज म्हणजे वडसा हे या नाटकांचं माहेरघर. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत नाटक चालतं. दहा-पंधरा गावांतून लोक दुचाकीवर येतात, मंडपाबाहेर धान कापलेल्या बांधीत गाड्या लावतात आणि आत जाऊन बसतात. बाहेर अंधार, एकसारख्या दिसणाऱ्या शेकडो गाड्या आणि पाच-सहा तास कोणी फिरकणार नाही याची खात्री. चोराला आणखी काय हवं?

मंडई, शंकरपट, चंद्रपूरची महाकाली यात्रा, मार्कंड्याची महाशिवरात्रीची जत्रा, आठवडी बाजार, रुग्णालयाचं आवार. प्रसंग बदलतो, पण गाडी जाण्याची पद्धत साधारण तीच असते. ती पद्धत समजली तर गाडी वाचवणं फार महाग किंवा अवघड नाही. मात्र नुसतं कुलूप पुरत नाही. कुलूप गाडी जाण्यापासून वाचवतं. पण गेलीच तर ती किंवा तिचे पैसे परत आणतो तो कागद. या दोन जिल्ह्यांत बहुतेकांचं लक्ष पहिल्या गोष्टीकडे थोडंफार असतं, दुसरीकडे अजिबात नसतं.

इथे दुचाकी जाणं इतकं महागात का पडतं?

शहरात दुचाकी चोरीला गेली तर बस किंवा रिक्षा मिळते. भामरागड, एटापल्ली, कोरची किंवा जिवती तालुक्यातल्या आतल्या गावात तसं नसतं. एसटी दिवसातून एखाददोनदा येते, पावसाळ्यात तीही बंद पडते. दवाखाना, बँक, रेशन, धान विक्री, मुलांची शाळा, सगळं त्या एका गाडीवर चालतं. त्यातही गाडी बहुतेक वेळा हप्त्यावर घेतलेली असते. गाडी चोरीला गेली म्हणून हप्ता थांबत नाही.

दुसरं कारण भूगोलाचं. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. आज या दोन जिल्ह्यांना मिळून तेलंगणा आणि छत्तीसगड या दोन राज्यांच्या सीमा लागतात. राजुऱ्याहून आसिफाबादकडे, सिरोंच्याहून गोदावरीचा पूल ओलांडून काळेश्वरमकडे, धानोरा-मुरुमगावहून छत्तीसगडकडे रस्ते जातात. एकदा गाडी सीमेपलीकडे गेली की पोलिसांची यंत्रणा, भाषा आणि कागदपत्रं सगळंच बदलतं. त्यामुळे चोरीनंतरचे पहिले काही तास इथे जास्त मोलाचे आहेत.

चोर गाडी नेतात कशी?

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे गाडीला लागलेली चावी. 'दोन मिनिटांत येतो' म्हणून पानठेल्यावर किंवा किराणा दुकानात गेलेला माणूस परत येईपर्यंत गाडी निघून गेलेली असते.

दुसरा मार्ग झिजलेलं कुलूप. सात-आठ वर्षं वापरलेल्या गाडीचं इग्निशन लॉक इतकं सैल होतं की दुसऱ्याच गाडीची चावी त्यात फिरते. आपली गाडी कोणत्याही चावीने सुरू होत असेल, तर ती गंमत नाही, धोका आहे. लॉकसेट बदलून घेणं हाच त्यावर उपाय.

तिसरा मार्ग हँडल लॉक तोडण्याचा. हँडलच्या आतली लोखंडी पिन बारीक असते. जोराचा झटका दिला की ती तुटते. मग इग्निशनच्या वायर जोडून गाडी 'डायरेक्ट' सुरू केली जाते किंवा ढकलत अंधारात नेली जाते. म्हणजे हँडल लॉक लावायचंच, पण फक्त त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही.

कुलूप कोणतं आणि कसं लावायचं?

साधा नियम: गाडीच्या स्वतःच्या लॉकशिवाय आणखी एक, वेगळ्या प्रकारचं आणि लांबून दिसणारं कुलूप. कोणतंच कुलूप अभेद्य नसतं. पण रांगेतल्या वीस गाड्यांपैकी जिला वेळ लागेल ती चोर सोडतो.

• डिस्क लॉक: पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक असेल तरच उपयोगी. लहान असतं, खिशात मावतं. मात्र ते लावलेलं विसरून गाडी पुढे घेतली तर पडायला होतं. म्हणून हँडलला रंगीत दोरी बांधून ठेवावी.

• साखळी आणि कुलूप: ड्रम ब्रेकच्या गाडीला हेच बरं. साखळी नुसती चाकात अडकवू नये. मागच्या चाकातून आणि चेसिसमधून घेऊन खांब, झाड किंवा लोखंडी गज अशा हलणार नाही अशा वस्तूला बांधावी. साखळी जमिनीवर लोळत ठेवू नये, कारण जमिनीचा आधार मिळाला की ती तोडणं सोपं जातं.

• गुप्त स्विच: मेकॅनिककडून इग्निशनच्या वायरमध्ये लपवलेला स्विच बसवता येतो. वायर जोडूनही गाडी सुरू होत नाही. नव्या गाडीत वायरिंग कापल्याने वॉरंटी जाऊ शकते, म्हणून आधी शोरूममध्ये विचारावं.

मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला किंवा मे महिन्यात तेंदूपत्त्याला जाताना गाडी जंगलाच्या कडेला उभी राहते. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, सावली, मूल या भागांत वाघाचा वावर असल्याने गाडीजवळ एकट्याला थांबवणं धोक्याचं. तिथे सोपा उपाय म्हणजे गटाने जाणं आणि तीन-चार गाड्या एकाच लांब साखळीत झाडाला बांधणं. नाटकाला किंवा जत्रेला गेल्यावरही हेच करता येतं. आयोजकांनी राखणदार असलेला वाहनतळ ठेवला असेल तर दहा-वीस रुपये देऊन टोकन घेणं केव्हाही स्वस्त.

घरच्या अंगणातही रात्री गाडी भिंतीकडे तोंड करून आणि साखळीने बांधून ठेवावी.

जीपीएस लावलं की काम झालं?

जंगलपट्ट्यात याचं उत्तर 'अर्धंच' असं आहे. जीपीएस ट्रॅकर आपली जागा उपग्रहावरून ओळखतो, पण ती मालकाच्या मोबाईलवर पाठवायला त्याला मोबाईल नेटवर्क लागतं. नेटवर्क नसलेल्या पट्ट्यात गाडी शिरली की नकाशावरचा ठिपका शेवटच्या जागी थांबतो. काही ट्रॅकर मधली माहिती साठवून नेटवर्क मिळताच पाठवतात. घेताना ही सोय आहे का ते विचारावं.

सिमही महत्त्वाचं. अनेक स्वस्त ट्रॅकर फक्त टूजीवर चालतात आणि जिओकडे टूजी सेवा नाही. त्यामुळे आपल्या भागात कोणत्या कंपनीचं नेटवर्क आहे आणि ट्रॅकर कोणत्या नेटवर्कवर चालतो हे जुळवूनच खरेदी करावी. ब्लूटूथ टॅग तर आजूबाजूच्या लोकांच्या फोनवर अवलंबून असतो. ओसाड रस्त्यावर त्याचा फारसा उपयोग नाही.

आणि ट्रॅकरवर गाडी दिसली तरी एकट्याने पाठलाग करू नये. ठिकाण पोलिसांना द्यावं.

'पाच वर्षांचा विमा आहे', मग चोरीचे पैसे मिळतील ना?

इथेच सर्वांत जास्त लोक फसतात. १ सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा बंधनकारक आहे. थर्ड पार्टी विमा म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान. आपली गाडी चोरीला गेली तर त्यातून एक रुपयाही मिळत नाही.

चोरीचं संरक्षण 'ओन डॅमेज' या भागात असतं आणि नव्या गाडीसोबत तो भाग साधारणपणे एकाच वर्षाचा असतो. दुसऱ्या वर्षी तो भरला नाही, तर कागदावर विमा चालू दिसतो पण चोरीसाठी गाडी उघडी असते. थर्ड पार्टी चालू असताना वेगळी ओन डॅमेज पॉलिसी घेता येते. आजच पॉलिसी उघडून ओन डॅमेजची शेवटची तारीख पाहावी.

पैसे मिळतात ते 'आयडीव्ही'च्या हिशोबाने, म्हणजे गाडीच्या घसारा वजा केलेल्या किमतीवर. दोन ते तीन वर्षांच्या गाडीला ३० टक्के, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के घसारा धरतात. म्हणजे एक लाखाच्या गाडीची आयडीव्ही अनुक्रमे ७० हजार आणि ५० हजार. कर्ज असेल तर या रकमेतून आधी फायनान्स कंपनीचं देणं फिटतं.

दाव्याच्या वेळी कंपनी दोन्ही चाव्या मागते. एक हरवली असेल तर आत्ताच नोंद करून ठेवावी. चावी गाडीलाच राहिली असेल तर कंपनी निष्काळजीपणाचं कारण देते. अशाच एका ट्रकच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ७५ टक्के रक्कम द्यायला लावली, पण तिथवर पोहोचायला वर्षं लागतात.

जुनी गाडी घेतली पण आरसी आणि पॉलिसी अजून पहिल्या मालकाच्या नावावर, हे चित्र गावोगावी दिसतं. अशा गाडीचा चोरीचा दावा अडकतो.

गाडी चोरीला गेलीच तर काय करायचं?

१. आधी खात्री करा: घरच्यांनी नेली नाही ना, फायनान्स कंपनीने किंवा पोलिसांनी उचलली नाही ना.

२. लगेच ११२ वर फोन करा. गाडीचा नंबर, रंग आणि ओळखीची खूण सांगा.

३. जवळच्या पोलिस ठाण्यात, उपपोलिस ठाण्यात किंवा पोलिस मदत केंद्रात जा. हद्द कोणाची हा प्रश्न नंतरचा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असली तरी तक्रार घ्यावी लागते. ऑनलाइन तक्रारही देता येते, मात्र तीन दिवसांत सही करावी लागते.

४. चोरीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) खाली नोंदतात. एफआयआरची प्रत मोफत मिळते. साधा अर्ज देऊन पोच घेणं म्हणजे एफआयआर नव्हे. दाव्याला एफआयआरच लागतो. नोंद नाकारली तर पोलिस अधीक्षकांना लेखी कळवता येतं.

५. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. एका ट्रॅक्टरच्या चोरीत सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं की एफआयआर वेळेत असेल तर केवळ कंपनीला उशिरा कळवल्याच्या कारणावरून दावा फेटाळता येत नाही. तरीही उशीर करून वाद ओढवून घेऊ नये.

६. आरटीओला एफआयआरच्या प्रतीसह अर्ज द्या आणि फायनान्स कंपनीला कळवा.

तपासात गाडी सापडली नाही तर पोलिस न्यायालयात 'अ समरी' अहवाल देतात. म्हणजे गुन्हा खरा, पण उलगडा झाला नाही. विमा कंपनी हा अहवाल मागते, म्हणून ठाण्यात पाठपुरावा करत राहावं लागतं.

एफआयआर टाळण्याचा आणखी एक धोका आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चोरीच्या गाडीवरून दारू नेली गेली किंवा अपघात झाला, तर नंबरवरून पहिलं नाव मालकाचंच निघतं. गाडी आपल्याकडे नव्हती याचा पुरावा एफआयआर देतो.

गाडी सापडली, पण ठाण्यात गंजत पडली तर?

जप्त गाडी खटला संपेपर्यंत ठाण्यात राहायलाच हवी असं नाही. सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितलं की वाहनं ठाण्यात दीर्घकाळ पडून ठेवू नयेत. आरसी, विमा आणि ओळखपत्र घेऊन न्यायालयात अर्ज केला की बंधपत्रावर गाडी ताब्यात मिळते. यालाच सुपूर्दनामा म्हणतात.

स्वस्तात मिळते म्हणून घेतलेली गाडी

चोरीची गाडी विकली जाते म्हणून चोरी होते. 'कागदं पुढच्या आठवड्यात देतो' म्हणत एमएच-३३, एमएच-३४ किंवा परराज्यातल्या नंबरची गाडी कोणी अर्ध्या किमतीत देत असेल, तर थांबावं. चोरीची आहे हे माहीत असताना किंवा तसं वाटायला कारण असताना ती घेतली, तर कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते आणि गाडीही जाते.

घेण्याआधी हँडलखालच्या चेसिसवर कोरलेला १७ अक्षर-अंकांचा चेसिस नंबर आरसीशी जुळवावा. नंबर घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला वाटला तर व्यवहार सोडावा. एमपरिवहन ॲपवर गाडीची नोंद पाहता येते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या डिजिटल पोलिस पोर्टलवर चोरीच्या नोंदीची तपासणी करून दाखला काढता येतो. दोन्ही चाव्या मागाव्यात आणि नावावर झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत.

आज दहा मिनिटांत करण्यासारखं

• आरसी, पॉलिसी, चेसिस नंबर आणि गाडीच्या चारही बाजूंचे फोटो फोनमध्ये ठेवा आणि घरातल्या दुसऱ्या एकालाही पाठवा.
• मूळ आरसी डिकीत ठेवू नका. डिजीलॉकरमधली आरसी चालते.
• दुसरी चावी घरात कुठे आहे ते शोधा.
• ओन डॅमेज विम्याची तारीख पाहा.
• इग्निशनमध्ये दुसऱ्या गाडीची चावी फिरते का तपासा.
• मागच्या चाकासाठी एक चांगली साखळी घ्या.

नाटक पहाटे संपतं आणि बांधीतली गर्दी पांगायला लागते. तेव्हा आपली गाडी जागेवर नसेल, तर पुढे काय करायचं हे आदल्या दिवशी माहीत असलेल्या माणसाचेच पहिले काही तास वाया जात नाहीत.