टळलेल्या भांडणाचे कागद

तुडीलच्या आमच्या घरी दादांची पत्र्याची पेटी होती. तीत जमिनीचे उतारे, आखातातून आलेली पत्रे आणि एक जाडजूड वही. गावात मिटवलेल्या तंट्यांची टिपणे त्या वहीत होती. बांध कुणाचा, पाणी आधी कुणी घ्यायचे, बैठकीला कोण होते, काय ठरले. घराचे काम काढले तेव्हा पेटी महाडला नातेवाइकांकडे ठेवली आणि जुलै २०२१ च्या महापुरात तिचा चिखल झाला. उतारे तलाठ्याकडून पुन्हा मिळाले. वही कुठून मिळणार?

मार्जरी साइक्स यांच्याविषयी वाचताना ती वही पुन्हा आठवली. १९०५ मध्ये यॉर्कशरमध्ये जन्मलेल्या, केंब्रिजला शिकलेल्या या बाई १९२८ मध्ये मद्रासच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून आल्या. पुढे शांतिनिकेतन आणि स्वातंत्र्यानंतर आपल्या वर्ध्याजवळचे सेवाग्राम. तिथे दहाएक वर्षे त्यांनी नई तालीमचे काम केले. या शिक्षणाचा आराखडा १९३७ मध्ये डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तयार केला होता, हेही आज फार थोड्यांना आठवते. साइक्सबाईंनी भारताचे नागरिकत्व घेतले. १९९५ मध्ये त्या वारल्या.

त्या क्वेकर होत्या. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये निघालेला हा ख्रिस्ती पंथ युद्धाला नकार देतो. त्यांच्या पारंपरिक उपासनेत पाद्री नसतो, सगळे शांत बसतात. सभेत मतदानही होत नाही. ठराव सभेतच लिहायचा, सर्वांसमोर वाचायचा आणि सगळ्यांना शब्द पटले तरच तो कायम करायचा. म्हणजे समेट आणि कागद ही दोन वेगळी कामे नाहीतच.

१९६४ मध्ये नागालँडमध्ये शस्त्रसंधी झाली. जयप्रकाश नारायण, बिमलाप्रसाद चालिहा आणि मायकेल स्कॉट यांचे शांती मंडळ त्यामागे होते. संधी पाळली जाते की नाही हे पाहणाऱ्या निरीक्षकांत साइक्सबाई होत्या. दोन्ही बाजूंच्या तक्रारी ऐकायच्या, खरेखोटे तपासायचे. या कामात टाळ्या नसतात. गोळी सुटली नाही, तर बातमीही होत नाही.

पुढे १९८० मध्ये त्यांनी भारतातील क्वेकरांचा इतिहास लिहिला आणि त्याच्या नावातच 'विस्मृत शतक' असे म्हटले. आपल्या माणसांचे काम किती सहज पुसले जाते, हे त्यांना ठाऊक होते.

मला मुद्दा एवढाच मांडायचा आहे. दंगल झाली की पंचनामा होतो, गुन्हा नोंदला जातो, कोर्टात तारखा पडतात. दंगल टळली की काहीच नोंदले जात नाही. मग पन्नास वर्षांनी कुणी कागद उघडले, तर त्यांत आपण फक्त भांडतानाच सापडतो. त्यावरून लोक म्हणतात, हिंदू-मुसलमान कधी एकत्र नांदलेच नाहीत. शिक्षकाची रोजनिशी, मध्यस्थाची पत्रे, जमातीच्या बैठकीचे टिपण, हे खासगी कागद त्या दाव्याला उत्तर देतात. पण ते रद्दीत आधी जातात.

दादांच्या वहीतले तीन तंटे मला तोंडपाठ आहेत. ते मी लिहून काढले आहेत. आपल्या घरातली पेटी पावसाळ्याआधी एकदा उघडा. उतारे सरकारकडेही असतात. वही आधी वर ठेवा.