टीएमपीएफएस

लिनक्स या परिचालन प्रणालीत संगणकाच्या मुख्य स्मृतीत उभारल्या जाणाऱ्या तात्पुरत्या फाइल-व्यवस्थेचे नाव. ही व्यवस्था एखाद्या रिकाम्या निर्देशिकेवर जोडली, म्हणजेच माउंट केली, की ती निर्देशिका इतर निर्देशिकांसारखीच वापरता येते. मात्र तीतील फाइली स्मृतीत राहतात आणि संगणक बंद होताच नष्ट होतात.

मुख्य स्मृती पूर्वी अशी क्षणभंगुर नव्हती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बनविलेल्या व १९६२ मध्ये टिफ्रॅक असे नामकरण झालेल्या संगणकाची स्मृती फेराइटच्या सूक्ष्म कड्यांची होती. तीत प्रत्येकी ४० द्विमान अंकांचे २,०४८ शब्द मावत. कड्यांचे चुंबकन वीज गेल्यावरही टिकून राही. १९७० मध्ये इंटेल कंपनीची ११०३ ही अर्धसंवाहक स्मृती बाजारात आल्यानंतर कड्यांची स्मृती हळूहळू मागे पडली. नव्या स्मृतीत माहिती विद्युत् भाराच्या रूपात राहते. हा भार गळत असल्यामुळे तो सतत नव्याने भरावा लागतो. ही स्मृती स्वस्त व वेगवान ठरली, परंतु वीज खंडित होताच ती कोरी होऊ लागली.

हाच दोष तात्पुरत्या फाइलींच्या बाबतीत सोयीचा ठरला. युनिक्स प्रणालीत अशा फाइलींसाठी टीएमपी ही निर्देशिका राखून ठेवलेली असे. भाषांतरक आज्ञावली तीत मधल्या टप्प्यांच्या फाइली लिहीत व काम होताच पुसून टाकीत. क्षणभर टिकणाऱ्या या माहितीसाठी मंदगती तबकडी राबविणे निरर्थक होते. सन मायक्रोसिस्टिम्सने सनओएस ४.० या प्रणालीत टीएमपीएफएसचा समावेश केला. लिनक्समध्ये ती जानेवारी २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २.४ या गाभ्यापासून उपलब्ध झाली. तिच्याआधीच्या रॅमएफएस या साध्या व्यवस्थेला आकाराची मर्यादा नव्हती. टीएमपीएफएसला ती घालता येते. न घातल्यास प्रत्यक्ष स्मृतीच्या निम्मी मर्यादा धरली जाते. ही जागा आधीच अडविली जात नाही, तर फाइलींच्या गरजेनुसार व्यापली वा मोकळी केली जाते. स्मृती अपुरी पडल्यास काही भाग तबकडीवरील स्वॅप क्षेत्रात हलविला जातो. त्यामुळे गोपनीय मजकूर तबकडीवर कधीच उमटणार नाही, असे मानता येत नाही. मर्यादा फार मोठी ठेवल्यास फाइलींनीच स्मृती भरून संपूर्ण संगणक ठप्प होण्याचा धोका असतो.

टीएमपी निर्देशिका मुळातच स्मृतीत असावी की नाही, यावर बराच वाद झाला. फेडोराच्या २०१३ मध्ये, तर डेबियनच्या २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीत तसा निर्णय अमलात आला. वादाचे मूळ वापरणाऱ्यांच्या सवयीत आहे. तात्पुरत्या जागी ठेवलेली फाइल उद्याही सापडेल, असे अनेकजण गृहीत धरतात. जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळानंतर मुरुडसह रायगड किनाऱ्यावरील गावे दीर्घकाळ विजेविना राहिली. अशा प्रसंगी केवळ स्मृतीत असलेली फाइल परत मिळविण्याचा मार्ग नसतो. म्हणून पुन्हा तयार करता येईल तेवढीच माहिती टीएमपीएफएसमध्ये ठेवणे, आणि दप्तर, हिशेब वा निरीक्षणे यांच्या फाइली तबकडीवर लिहून त्यांची प्रत अन्यत्र राखणे इष्ट ठरते.